कौन्सिलच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसबद्दल तक्रार: बारा महिन्यांची मुदत उलटली म्हणतात, आता काय करू?

कृष्णाकाठ

नमस्कार. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांपैकी कुणी कौन्सिलच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसविरुद्ध (म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाच्या मुलांसाठीच्या विभागाविरुद्ध) तक्रार केली आहे का? सगळं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाही सल्ला देता येणार नाही.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. ऑटिझम आहे, बोलत नाही. रात्री दोन-अडीचला उठला की पुन्हा झोपत नाही. नवऱ्याची शिफ्टची नोकरी, धाकटी चार वर्षांची. गेल्या वर्षी जानेवारीत मी कौन्सिलकडे मदत मागितली. आठवड्यातून काही तास त्याला सांभाळायला कुणीतरी यावं, म्हणजे मला झोप मिळेल आणि धाकटीकडे बघता येईल, एवढंच. असेसमेंट, म्हणजे आमच्या गरजांची पाहणी, सुरू झालं आणि रखडलं. मधे सोशल वर्कर बदलली, नव्या बाईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटी १२ सप्टेंबरला पत्र आलं: सेवेची गरज आढळली नाही. आमच्या घरी रात्री काय चालतं त्याचा त्यात उल्लेखही नव्हता.

तेव्हाच तक्रार करायला हवी होती, कळतंय. पण ओळखीच्या दोघा-तिघांनी सांगितलं की सोशल वर्करशी वाकडं घेऊ नका, घरात मुलं आहेत. मी गप्प बसले. मग यंदा फेब्रुवारीत बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, मी दोन्ही मुलांना घेऊन सांगलीला गेले, जुलैत परतले. १८ नोव्हेंबरला रीतसर तक्रार पाठवली. पाच दिवसांत उत्तर आलं: घटनेला बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ झाल्यामुळे तक्रार विचारात घेता येत नाही. एका ओळीचं उत्तर.

चौदा महिने झालेत हे खरंच आहे. मग विषय संपला का?

रानवारा

ताई, वाचून वाईट वाटलं. आमच्याही घरी स्पेशल नीड्सचं मूल आहे, रात्रीचं जागरण काय असतं ते माहीत आहे.

माझ्या माहितीप्रमाणे तुम्ही ट्रायब्यूनलमध्ये जाऊ शकता. आम्ही गेलो होतो. पण तिथली मुदत फार कमी असते, पत्रापासून दोन महिने. त्यामुळे आता अवघड वाटतंय.

हिरवाचाफा

रानवारा, ते वेगळं. तुम्ही म्हणताय ते ईएचसीपीचं (एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅन) अपील, म्हणजे शाळा आणि शिक्षणाची बाजू. तिथे निर्णयाच्या पत्रापासून दोन महिने किंवा मीडिएशनच्या सर्टिफिकेटपासून एक महिना, यातली जी तारीख नंतरची असेल ती धरतात. कृष्णाकाठ यांचा विषय सोशल केअरचा आहे. एकाच मुलाच्या बाबतीत ही दोन घड्याळं वेगवेगळी चालतात आणि आपले लोक नेमके इथेच गोंधळतात.

मी काही वर्षं एका कौन्सिलच्या तक्रार विभागात काम केलंय, आता त्या क्षेत्रात नाही. त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

इंग्लंडमध्ये मुलांच्या सोशल केअरच्या तक्रारींसाठी कायद्याने घालून दिलेली स्वतंत्र पद्धत आहे. मूळ १९८९ चा चिल्ड्रन ॲक्ट, कलम २६, आणि त्याखालचे २००६ चे नियम. बारा महिन्यांची मुदत त्या नियमांतच आहे, कौन्सिलने मनाने काढलेली नाही. पण त्याच नियमाचा पुढचा भाग कौन्सिलच्या पत्रांत बहुतेक वेळा नसतो. मुदत उलटलेली तक्रारसुद्धा कौन्सिल घेऊ शकते. त्यासाठी दोन गोष्टी बघायच्या: तक्रारदाराने वेळेत तक्रार करावी अशी अपेक्षा त्या परिस्थितीत रास्त होती का, आणि इतका काळ गेल्यावरही तक्रारीची नीट आणि न्याय्य चौकशी होऊ शकते का. म्हणजे बारा महिन्यांनंतर दार लोटलेलं असतं, कडी लागलेली नसते.

तुम्हाला आलेल्या एका ओळीत या दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही. त्यांनी फक्त कॅलेंडर बघितलं. परत लिहा आणि स्पष्ट विचारा: 'मुदतीबाहेरची तक्रार घ्यायची की नाही याचा विचार तुम्ही केला का? केला असेल तर कारणं लेखी द्या.' बाबांचं आजारपण लिहा, तारखा लिहा, विमानाची तिकिटं आणि हॉस्पिटलचे कागद असतील तर जोडा. एकटीने रात्री जागून मूल सांभाळत होतात हेही लिहा. तिथे संकोच करू नका.

दुसरं. तुमच्या तक्रारीत प्रत्यक्षात दोन-तीन तक्रारी आहेत. असेसमेंट रखडलं ही एक. ते विनंती आल्यापासून ४५ वर्किंग डेजच्या आत पूर्ण व्हायला हवं होतं. जानेवारीत मागितलंत, म्हणजे मार्चच्या आसपास. निर्णय चुकीचा आहे ही दुसरी. आणि आजही मदत नाही ही तिसरी. कायद्याच्या भाषेत अपंगत्व असलेलं मूल हे आपोआपच 'चाइल्ड इन नीड' (मदतीची गरज असलेलं मूल) असतं, त्याच चिल्ड्रन ॲक्टचं कलम १७. त्यासाठी वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही. त्यामुळे आजच नव्याने असेसमेंटची मागणी करा. जुन्या तक्रारीचं काहीही होवो, ही मागणी कुणी अडवू शकत नाही, आणि ती नाकारली तर बारा महिने नव्याने सुरू होतात.

आता एक प्रश्न विचारते, नीट आठवून सांगा. १२ सप्टेंबरच्या पत्रानंतर तुम्ही खरंच काहीच बोलला नाहीत? फोन? एखादी ईमेल? सोशल वर्करला मेसेज?

घाटमाथा

हिरवाचाफा यांची माहिती चांगली आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. मुदत असायलाच हवी. मी इकडे एका चॅरिटीच्या ट्रस्टी मंडळावर होतो, तिथे पाच-सहा वर्षांपूर्वीच्या तक्रारी यायच्या. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, ती माणसं सोडून गेलेली, कुणाला काही आठवत नाही. त्यात तक्रारदाराला न्याय मिळत नाही आणि आरोप झालेल्यालाही नाही. बारा महिने हा काही फार थोडा काळ नाही. 'मला भीती वाटली' हे कारण दरवेळी मान्य करायचं ठरलं तर मुदतीला अर्थ काय उरतो?

ताईंना दुखवायचा हेतू नाही. त्यांचं आजारपणाचं कारण सबळ आहे.

तुळशीकट्टा

घाटमाथा, आपल्या माणसांची भीती हवेतून आलेली नाही. २०११ साली नॉर्वेमध्ये एका भारतीय जोडप्याची दोन लहान मुलं सरकारने ताब्यात घेतली होती. पुढच्या वर्षी ती काकांबरोबर भारतात परतली. ती बातमी घराघरांत पोचली. माझ्या सासूबाई सोलापुरातून फोन करून विचारायच्या, 'तिकडे शिंक आली तरी पोरं नेतात म्हणे?' नॉर्वे वेगळं, इंग्लंड वेगळं, हे घरच्यांना कोण समजावणार? अशा वातावरणात एखादी आई वर्षभर गप्प बसली तर मला तिचा राग येत नाही.

मी आठ वर्षं फॉस्टर केअरर आहे, म्हणजे कौन्सिलच्या देखभालीखालची मुलं घरी सांभाळते, म्हणून मुलांच्या बाजूचंही सांगते. ही तक्रार फक्त आईबापांनी करायची असते असं नाही. मूल स्वतः करू शकतं, फॉस्टर केअरर करू शकतो. मुलाने केली तर त्याला मदतनीस म्हणून ॲडव्होकेट (वकील नव्हे, त्याची बाजू मांडणारी व्यक्ती) मिळवून देणं ही कौन्सिलची जबाबदारी आहे. आमच्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा होता. आधीच्या घरी असताना त्याची भावाशी भेट ठरलेली असूनही होत नव्हती. दीड वर्ष तो गप्प होता. आमच्याकडे रुळल्यावर एका संध्याकाळी पोळी खाता खाता बोलला. तेव्हा मुदत केव्हाच उलटली होती. ॲडव्होकेटने लिहून दिलं की मूल ज्या घरात राहत होतं त्याच घराबद्दल त्याने तिथूनच तक्रार करावी ही अपेक्षा रास्त नव्हती. कौन्सिलने तक्रार घेतली.

कागदपत्रं सापडणार नाहीत असं सांगितलं तर लगेच मानू नका. जी मुलं कौन्सिलच्या देखभालीखाली असतात त्यांची फाइल त्यांच्या वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षापर्यंत जपून ठेवावी लागते.

घाटमाथा

हा चौदा वर्षांच्या मुलाचा मुद्दा मला पटला. लहान मुलाला मोठ्यांची मुदत जशीच्या तशी लावणं योग्य नाही. मी संस्थेच्या खुर्चीतून बघत होतो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हिरवाचाफाताई, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री जुन्या ईमेल काढून बसले. मुलगा जागाच होता.

२ ऑक्टोबरची एक ईमेल सापडली. सोशल वर्करला लिहिलेली. मराठीत सांगायचं तर असं: 'तुमचं पत्र वाचून खूप निराश झाले. रात्रीबद्दल मी तुम्हाला सांगितलं होतं, ते पत्रात कुठेच नाही. कृपया पुन्हा विचार करा आणि मला कळवा.' उत्तर आलं नाही. मी ते विसरूनही गेले होते. यात तक्रार हा शब्द नाहीये. मी खूप जपून, नम्रपणे लिहिलं होतं. याचा काही उपयोग आहे का?

हिरवाचाफा

उपयोग? ताई, तुमची तक्रार तीच आहे!

२००६ च्या नियमांबरोबर सरकारने कौन्सिलांसाठी मार्गदर्शिका काढली. त्यात तक्रार म्हणजे काय ते सांगितलंय: एखाद्या मुलाच्या संदर्भात व्यक्त केलेली नाराजी किंवा अस्वस्थता, जिला उत्तर देणं आवश्यक आहे. तक्रार हा शब्द वापरावा लागत नाही, ठरावीक फॉर्म लागत नाही, तोंडी सांगितलं तरी चालतं. तुम्ही निराशा लिहिलीत, कारण लिहिलंत, उत्तर मागितलंत. पत्रानंतर वीस दिवसांनी. म्हणजे तुम्ही मुदतीच्या आत होतात. ती ईमेल तक्रार विभागाकडे पाठवायचं काम त्यांच्या माणसाने केलं नाही.

तक्रार विभागात असताना मी अशा कितीतरी ईमेल बघितल्या. 'तुम्हाला त्रास देते, माफ करा' अशी सुरुवात करून लिहिलेल्या. आपल्याकडच्या बायका फार सांभाळून लिहितात आणि ते सौजन्य त्यांच्याच अंगावर येतं, कारण ऑफिसातल्या घाईत नम्र ईमेल ही 'नुसती शंका' ठरते.

तर पत्राचा क्रम आता बदला. पहिला मुद्दा: माझी तक्रार २ ऑक्टोबरची आहे, प्रत सोबत. दुसरा: तुम्हाला हे मान्य नसेल तर मुदतीबाहेरची तक्रार म्हणून या कारणांसाठी घ्या. तिसरा: नव्याने असेसमेंट. पत्र सोशल वर्करला पाठवू नका, कम्प्लेंट्स मॅनेजरच्या नावाने पाठवा. प्रत्येक कौन्सिलमध्ये हे पद असतं.

रानवारा

पण समजा कौन्सिलने पुन्हा नाही म्हटलं तर? ओम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलबद्दलच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाता येतं ना? तिथेही बारा महिनेच आहेत असं वाचलं.

हिरवाचाफा

हो, आणि तिथे एक खड्डा आहे. लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनचे बारा महिने कौन्सिलच्या शेवटच्या उत्तरापासून मोजत नाहीत. तुम्हाला अन्यायाची जाणीव झाली त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे कौन्सिलकडची प्रक्रिया चालू असताना ते घड्याळही चालूच असतं. योग्य कारण असेल तर ओम्बड्समनही उशीर माफ करतात, आणि कौन्सिलनेच वेळ खाल्ला असेल तर ते लक्षात घेतात. पण दोन पत्रांच्या मधे तुम्ही स्वतः सहा-सहा महिने शांत बसलात तर ते तुमच्या विरोधात जातं.

कौन्सिलने 'मुदतीबाहेर' म्हणून नाकारलं तर त्या नकाराविरुद्धच ओम्बड्समनकडे जायचं. त्यांनी विचार न करता नाकारलं का, हे ते तपासतात. एका गोष्टीत मात्र ते हात घालत नाहीत: जो विषय कोर्टात गेला आहे. सोशल वर्करने कोर्टाला दिलेल्या रिपोर्टमधल्या मजकुराबद्दल तिथे दाद मिळत नाही.

तक्रार स्वीकारली गेली की पुढच्या मुदती कौन्सिलला पाळायच्या असतात. पहिल्या पायरीवर १० वर्किंग डेज, गुंतागुंतीचं असेल तर २०. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर दुसरी पायरी मागण्याचा हक्क तुम्हाला मिळतो, उत्तराची वाट बघत बसायची गरज नाही. दुसऱ्या पायरीवर चौकशी अधिकारी आणि त्याच्या बरोबरीने कौन्सिलशी संबंध नसलेली एक स्वतंत्र व्यक्ती असते. त्याला २५ वर्किंग डेज, जास्तीत जास्त ६५. त्यानंतरही समाधान नसेल तर तीन स्वतंत्र माणसांचं पॅनेल. पॅनेलची मागणी मात्र दुसऱ्या पायरीचं उत्तर मिळाल्यापासून २० वर्किंग डेजच्या आत करावी लागते. ही मुदत चुकवू नका, आमच्याकडे लोक हमखास इथे अडकायचे. आणि एकदा पहिली पायरी स्वीकारली की 'आता पुढे जाता येणार नाही' असं कौन्सिलने परस्पर ठरवायचं नसतं. ओम्बड्समनने यावरून कौन्सिलांना अनेकदा दोषी धरलंय.

वकिलाकडे जायचं कुणाच्या मनात असेल तर ज्युडिशियल रिव्ह्यूची (कौन्सिलचा निर्णय कायदेशीर होता का हे कोर्टाकडून तपासून घेण्याची) मुदत तीन महिने, तीही 'शक्य तितक्या लवकर' या अटीसह. मानवी हक्कांच्या कायद्याखालचा दावा एक वर्ष. ती घड्याळं तक्रारीसाठी थांबत नाहीत.

पाऊसपाणी

मी नेहमी फक्त वाचते, आज लिहिते. आम्ही वर्क व्हिसावर आहोत, 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी बेनिफिट्स घ्यायचे नाहीत अशी अट. मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. मदत मागितली किंवा तक्रार केली तर व्हिसावर परिणाम होईल या भीतीने आजवर काहीच केलं नाही. नवरा तर ऐकूनच घेत नाही.

तुळशीकट्टा

पाऊसपाणी, बरं झालं लिहिलंत. कलम १७ खाली मुलासाठी मिळणारी सोशल सर्व्हिसेसची मदत इमिग्रेशनच्या नियमांतल्या पब्लिक फंड्सच्या यादीत येत नाही. बेनिफिट्स वेगळे, ही मदत वेगळी. मिस्टरांना हे वाक्य वाचून दाखवा. आणि कौन्सिलकडच्या तक्रारीचा व्हिसाच्या अर्जाशी काही संबंध नाही. व्हिसाबद्दल मनात आणखी काही शंका असेल तर इमिग्रेशनच्या अधिकृत सल्लागाराला विचारा, ओळखीच्यांना नको.

पाऊसपाणी

आज संध्याकाळी दाखवते. खरंच खूप आभार.

देवराई

मी एडिनबराला असतो. हा धागा वाचून कुणी स्कॉटलंडमध्ये वर्षभर थांबू नये म्हणून लिहितो: इथे साधारण मुदत सहा महिन्यांची आहे, खास कारण असेल तरच पुढे. वेल्समध्ये बारा महिने आहेत पण पायऱ्या दोनच, आणि ओम्बड्समनही वेगळे.

कृष्णाकाठ, आणखी एक सुचवतो. मुलाची पूर्ण फाइल मागवा. सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, पैसे लागत नाहीत. एका महिन्यात द्यावी लागते, गुंतागुंतीची असेल तर आणखी दोन महिने घेऊ शकतात. पण फाइल येईपर्यंत तक्रार थांबवू नका. माझ्या भावाने तेच केलं. फाइल तीन महिन्यांनी आली, ती वाचायचं धाडस व्हायला आणखी दोन महिने लागले आणि मुदत हातातून गेली. फाइलमधून काही निघालं तर तक्रारीत नंतर घालता येतं.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी परत लिहितेय.

तुम्ही सांगितलं तसं पत्र लिहिलं. आधी दीड पानं भरून बाबांचं आणि रात्रीचं लिहिलं होतं. हिरवाचाफाताईंनी मेसेजमध्ये वाचून सांगितलं की सगळं राहू दे, फक्त २ ऑक्टोबरचा मुद्दा पहिल्या ओळीत आण. तसं केलं. आठव्या दिवशी कम्प्लेंट्स मॅनेजरचा फोन आला. माणूस शांतपणे बोलला. ती ईमेल त्यांच्या सिस्टिमवर आहे पण तक्रार म्हणून नोंदवली नव्हती, हे त्याने स्वतःहून मान्य केलं. नंतर पत्र आलं. तक्रार मुदतीतली धरली आहे, पहिली पायरी सुरू. नव्या असेसमेंटसाठी सोशल वर्कर जानेवारीत घरी येणार आहे. मी विचारलं, रात्री कुणी येऊन बघू शकेल का. तो म्हणाला, विचारून सांगतो.

मदत मिळेल की नाही माहीत नाही. पण त्या पत्रात 'तक्रार मिळाल्याची तारीख' या रकान्यात २ ऑक्टोबर लिहिलंय. ते मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. बाबांनाही फोनवर सांगितलं. त्यांना अजून नीट बोलता येत नाही, पण 'बरं केलंस' एवढं कळलं मला.

एकच शंका. दहा वर्किंग डेज मधे नाताळ आला तर कसे मोजायचे?

हिरवाचाफा

फार बरं वाटलं! शनिवार-रविवार सोडा, नाताळचा दिवस, बॉक्सिंग डे आणि १ जानेवारी सोडा. बाकीचे दिवस मोजा, ऑफिसला सुट्टी असो वा नसो. अकराव्या दिवशी सकाळी त्यांना एक ओळीची ईमेल टाका. आणि सोशल वर्कर येईपर्यंत रोज रात्रीच्या वेळा वहीत लिहून ठेवा: किती वाजता उठला, कोण जागं होतं, धाकटी उठली का.

कृष्णाकाठ

वही कालपासून सुरू केलीय. २:१०, ३:४०. दोन्ही वेळा मी.